डायलिसिसला पैसे आहेत, इंजेक्शनला नाहीत: औषधखरेदी ठरवणाऱ्यांना केजहून खुलं पत्र

प्रति,
सरकारी दवाखान्यांसाठी कोणती औषधं घ्यायची हे ठरवणारी सर्व साहेबमंडळी,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

आमच्या अर्जाला उत्तर आलं. उशिरा का होईना, आलं, त्याबद्दल आभार. मधुमेहासोबत ज्यांच्या किडन्या खराब व्हायला लागल्यात, अशांना सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यातून मिळावं, एवढंच आम्ही मागितलं होतं. उत्तराचा आशय असा की ही वजन कमी करण्याची औषधं आहेत, ती अत्यावश्यक नाहीत, सबब खरेदीचा विचार होणार नाही. जावक क्रमांक आहे, सही आहे, गोल शिक्का आहे. पत्र कोणत्या कार्यालयातून आलं ते लिहीत नाही, कारण भांडण त्या टेबलावरच्या माणसाशी नाही. ही समजूत तालुक्यापासून मुंबईपर्यंत सगळीकडे आहे, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मी केजमध्ये मेडिकल चालवतो. हे इंजेक्शन माझ्याही फ्रीजमध्ये असतं आणि त्यावर मला चार पैसे सुटतात. सरकारनं ते फुकट दिलं तर माझं गिऱ्हाईक तुटेल. मागणी माझ्याच गल्ल्याच्या विरोधातली आहे, हे आधी सांगून ठेवतो. नंतर कुणी शंका काढायला नको.

दुसरं कारण घरातलं आहे. माझ्या आईला मधुमेह होऊन वीसेक वर्षं झाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. इन्सुलिननं साखर उतरायची पण वजन चढायचं, वजन चढलं की इन्सुलिन आणखी वाढवावं लागायचं. ८४ किलोवर गेली तेव्हा गुडघेही गेले. मग लघवीतून प्रथिनं जायला लागली. लातूरच्या डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुरू केलं. पहिले काही आठवडे मळमळ आणि बद्धकोष्ठ. अर्धी भाकरी बाजूला सारून म्हणायची, "बास रे, गळ्यापर्यंत आलंय." इतकी वर्षं डॉक्टर तिला कमी जेवा म्हणत होते आणि भूक काही ऐकत नव्हती. आता वजन ७५ आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ९.६ वरून ७.३ वर आलं, इन्सुलिन निम्म्यावर आलं आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन गेल्या वेळी होतं तिथंच आहे. आमच्या शेजारच्या मावशींना हाच आजार, वयही तेच. त्यांच्या मुलाच्या हॉटेलावर घर चालतं. त्या सरकारी दवाखान्यातून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या आणतात, आणि पायाची सूज दाखवायला आमच्या ओट्यावर येऊन बसतात.

आता हे औषध करतं काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, कारण उत्तर देणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवरतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवतं. यातली खुबी अशी की रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला रेटा देतं. साखर उतरली की रेटा थांबतो. म्हणून हे औषध एकटं घेतलं तर साखर एकदम घसरण्याची भीती कमी. पण शरीरातलं जीएलपी-१ टिकत नाही. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम दोनेक मिनिटांत त्याला तोडतं. मे महिन्यात भर दुपारी अंगणात मारलेल्या सड्यासारखं ते जागच्या जागी विरतं. मग संशोधकांनी तेच काम करणारा पण सहज न तुटणारा रेणू शोधला. पहिला असा रेणू अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये तिकडे मंजूर झालं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. सेमाग्लुटाइडच्या रेणूला मेदाम्लाची साखळी जोडलेली आहे. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून आठवड्याला एकच इंजेक्शन पुरतं. टिर्झेपाटाइड याच्याही पुढचं. ते जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

साहेब, आता तक्रारी.

पहिली. अत्यावश्यक नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, लिराग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड घेतली. कुणासाठी, तेही लिहिलंय: टाइप २ मधुमेहासोबत स्थूलता आणि हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असलेल्यांसाठी. आमच्या अर्जात तरी दुसरं कोण होतं? २०२४ मध्ये फ्लो नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या साडेतीन हजारांवर लोकांत सेमाग्लुटाइडनं किडनी निकामी होणं, तिचं काम निम्म्यानं घटणं, किडनीमुळे किंवा हृदयामुळे मृत्यू येणं, हा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. त्याआधी २०२३ मध्ये सिलेक्ट चाचणीत मधुमेह नसलेल्या पण वजन जास्त आणि हृदयविकार असलेल्या सतरा हजारांवर लोकांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. वजन कमी होतं, ते आहेच. पण आमच्या मावशींना लग्नात बारीक दिसायचं नाहीये.

आणखी एक गोष्ट खटकते. डीपीपी-४ या एन्झाइमला रोखणाऱ्या गोळ्या म्हणजे ग्लिप्टिन. त्यातलं टेनेलिग्लिप्टिन आपल्याच २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. म्हणजे शरीरातलं जीएलपी-१ थोडं जास्त वेळ टिकवणारी गोळी सरकारला चालते. त्या गोळीनं वजन फारसं हलत नाही, किडनीला असा आधार मिळाल्याचंही दिसलेलं नाही. त्याच वाटेनं कितीतरी जोरानं काम करणारं इंजेक्शन मात्र शांपू-क्रीमच्या रांगेत बसवलं. किडनी जपणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या स्वस्त गोळ्या आहेत, त्या आधी द्याव्यात हे मला मान्य. त्या तरी दर महिन्याला मिळतात का, यावर वेगळा अर्ज होईल.

दुसरी तक्रार पैशाची. किडनी बसली की तुमचं मन मोठं होतं. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. चांगलंच आहे; त्यावर आमच्याकडची कितीतरी माणसं जगतायत. पण आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेच्या एसटीनं बीडला किंवा अंबाजोगाईला जायचं, चार तास मशिनला पडायचं, संध्याकाळी गळून घरी यायचं, सोबत एका माणसाची मजुरी बुडवायची, हे सगळं किडनी बसल्यावरचं. ती बसू नये म्हणून लागणारं औषध बाह्यरुग्ण विभागातलं, आणि योजना दाखल झालेल्याची. २०२३ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण मोफत तेच मिळतं जे तुमच्या यादीत असतं.

महाग आहे, हे उत्तर आता जुनं झालं. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक. त्या भावात मागणी केली असती तर तुम्ही आम्हाला हसला असता आणि ते योग्यच होतं. पण सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं. पेटंट संपल्यावर भाव कसे उतरतात ते मी काउंटरवर पाहिलंय. २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाची साठ रुपयांच्या आसपासची गोळी बघता बघता दहा रुपयांच्या आत आली आणि जुना स्टॉक परत घ्या म्हणून आम्ही स्टॉकिस्टच्या मागे लागलो. एका दुकानदाराला जो भाव मिळतो त्याहून पूर्ण राज्याच्या निविदेला कितीतरी कमी मिळतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी. तुम्ही हात काढून घेतला म्हणून औषध थांबलेलं नाही. ते चोरवाटेनं गावागावांत पोचलंय.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका वस्तीवरचे अण्णा दुकानात आले. मधुमेह जुना, गोळ्या माझ्याकडूनच नेतात. खिशातून रुमालात गुंडाळलेली कुपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ह्याला दुसरी सुई दे बरं, ही काही मानवंना." कुपी शहरातल्या कुठल्याशा वजन घटवायच्या सेंटरवरून पुतण्यानं आणून दिलेली. डॉक्टरची चिठ्ठी नाही. चिटोऱ्यावर फक्त '१० पॉइंट' लिहिलेलं. घरी म्हातारीचं इन्सुलिन चालू, तिच्या लाल टोपीच्या सुईनं यांनी डोस ओढला. दोन दिवस उलट्या झाल्या. त्या थांबल्यावर दोष सुईचा ठरवून माझ्याकडे आले. बोलता बोलता कपाळावर घाम. ग्लुकोमीटर लावला तर साखर ५८. पोटात अन्नाचा कण नाही आणि ग्लिमेपिराइड मात्र सकाळ-संध्याकाळ चालूच. साखरपाणी पाजलं, बसवलं, पोऱ्याला मोटारसायकल काढायला लावून डॉक्टरांकडे पाठवलं.

यात काय घडलं ते नीट बघा. लाल टोपीची सुई ४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० पॉइंट. नारिंगी टोपीची १०० ची. चिटोऱ्यावरचा हिशेब नारिंगीचा होता. तिच्यात १० पॉइंट म्हणजे ०.१ मिलि. लाल टोपीच्या सुईत तेच १० पॉइंट ०.२५ मिलि होतात. अडीचपट डोस. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, चार आठवडे तिथंच ठेवतात आणि मगच वाढवतात, ते याच उलट्यांसाठी. शिवाय ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सोबत असेल तर त्यांचा डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टरनं बघायचं असतं, कारण साखर घसरते ती त्यांच्यामुळे. सतत उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तर किडनीलाच मार. म्हणजे किडनी वाचवायचं औषध उलटायला एक चुकीची सुई पुरते.

आमच्या धंद्यातल्यांचीही यात चूक आहे, ती झाकत नाही. हे चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही, तरी काही ठिकाणी दिलं जातं. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. तरी बसस्टँडच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत 'महिन्यात दहा किलो' लिहिलेलं कुणालाही दिसतं. अन्न व औषध प्रशासनाला तेवढं दिसायला काय हरकत आहे?

चौथी: आमचा उन्हाळा. न उघडलेलं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि ते गोठलं तरी फेकून द्यायचं. उघडलेलं पेन ३० अंशांखाली काही आठवडे बाहेर चालतं. किती, ते कंपनीच्या कागदावर असतं. आता परभणी-बीडचा मे आठवा. पारा ४२-४३ आणि दुपारी लाइट गेलेली. माल थर्माकोलच्या डब्यात, जेलच्या पाउचसकट, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. मी डबा उघडून पाउच हाताला लागतो का बघतो. कोमट असला तर माल परत. सगळेच तसं करत असतील असं नाही. गिऱ्हाईक ते घरी नेतं, तिथं फ्रीज असेल तर आईसक्रीमच्या कप्प्यात ठेवतं, कारण जास्त गार म्हणजे जास्त चांगलं.

याउलट प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा फ्रीज बघा. तापमापक आत, वही वर, दिवसातून दोनदा नोंद. तो लसींचाच आहे, त्यात आमची इंजेक्शनं कोंबा असं मी म्हणत नाही. पण थंड साखळी कशी सांभाळायची हे राज्यात तुमच्याच सिस्टर लोकांना सर्वांत चांगलं येतं, आणि हे औषध मात्र तुम्ही रुमालावर सोडलंय.

पाचवी थोडक्यात. इंजेक्शन घेणारा कमी खातो, आणि आमच्याकडे कमी खायचं म्हणजे आधी डाळ, अंडं सुटतं, चहा-बिस्कीट राहतं. मग चरबीसोबत मांस झडतं. शिवाय औषध बंद केलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. हे घरी कुणी सांगायचं?

मी सगळ्यांना द्या म्हणत नाही, हेही स्पष्ट लिहितो. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार आधी दाखवलंय की आपला माणूस दिसायला बारीक असतो आणि आत चरबी बाळगून असतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांत, शेतमजुरांत असे किडकिडीत मधुमेही मी रोज बघतो. त्यांना आणखी बारीक करून काय मिळवायचं? काहींच्या स्वादुपिंडातच दम उरलेला नसतो, त्यांना इन्सुलिनच लागतं. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा घरात इतिहास असेल, स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल, बाई गरोदर असेल किंवा राहायचा विचार असेल, तर हे औषध नाही. डोळ्यांचा पडदा आधी बघावा लागतो, कारण साखर झपाट्यानं उतरली की आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. उलट ज्याला हे लागू आहे अशा मुकादमाला, ड्रायव्हरला, दिवाळीनंतर सहा महिने कारखान्याच्या फडावर कोपीत राहणाऱ्याला, रोजच्या चार टोचण्यांपेक्षा आठवड्याला एक फार सोयीचं पडेल, आणि त्यातले बरेचसे थंडीचे दिवस असतात. हे निवडायचं काम डॉक्टरचं. त्यासाठीच तर सरकारी दवाखाना हवा. माझ्या काउंटरवर ही निवड होऊ शकत नाही, आणि होऊ नये.

म्हणून मागण्या या.

आमच्या अर्जावरचं उत्तर मागे घ्या आणि तो औषधांच्या तज्ज्ञ समितीपुढे ठेवा. नकारच द्यायचा असेल तर वैद्यकीय कारण लिहून द्या.

टाइप २ मधुमेह, जास्त वजन आणि किडनीचा किंवा हृदयाचा आजार, हे तिन्ही असलेल्यांसाठी सेमाग्लुटाइड राज्याच्या खरेदीत घ्या. सुरुवात मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत करा. गावोगाव लगेच नको. आधी जिथं फिजिशियन आहे तिथं.

तीस वर्षांवरच्यांच्या तपासणीत आशाताई कंबर मोजतात, सिस्टर साखर बघतात. ज्यांची साखर जास्त निघते त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासलं जाईल अशी सोय करा. मावशींची पायाची सूज ओट्यावर दिसायच्या आधी लघवीत दिसली असती.

इंजेक्शनसाठी वेगळा फ्रीज, तापमापक आणि नोंदवही ठेवा. कुपीऐवजी शक्यतो पेन घ्या. कुपीच घ्यावी लागली तर तिच्या मापाची सुई तिच्याच पाकिटात द्या, सुटी नको.

पहिले तीन महिने रुग्णाला डोस देणारी, साखरेच्या गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांकडून करून घेणारी आणि काय खायचं ते आपल्या भाषेत सांगणारी एक सिस्टर इंजेक्शनच्या दिवशी नेमून द्या. पिठलं, उकडलेली अंडी, मटकीची उसळ, भाजलेले फुटाणे. आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात ओट्स आणि ब्रोकोली असतात, ती केजच्या आठवडी बाजारात येत नाहीत.

चिठ्ठीशिवाय विक्री आणि जाहिराती यांवर अन्न व औषध प्रशासनाकडून कारवाई करवून घ्या. तपासणी माझ्या दुकानापासून सुरू केली तरी चालेल. खरेदीची बिलं आणि चिठ्ठ्यांची नोंद काउंटरखालीच आहे.

लेखी उत्तराची वाट बघतोय. पुढच्या वर्षाची औषधमागणी जिल्ह्यांकडून मागवाल तेव्हा त्या तक्त्यात सेमाग्लुटाइडची एक ओळ असू द्या. आकडा आमचे डॉक्टर भरतील.

आपला,
एक औषधविक्रेता
केज, जि. बीड